निकुलोसोला ‘कारागीर’ म्हणणाऱ्यांना

‘पिसानो, निकुलोसो : इटालियन कारागीर. स्पेनमध्ये रंगीत फरशीचित्रणाचे तंत्र आणले.’

मराठीतल्या एका जाडजूड संदर्भग्रंथाच्या ताज्या आवृत्तीत ही नोंद आहे. ग्रंथाचे नाव घेत नाही, कारण दोष त्या एका ग्रंथाचा नाही. असली वाक्ये आपण सगळेच लिहितो आणि सगळेच वाचून पुढे जातो. मी पाठवलेली मूळ नोंद दोन पानांची होती. ती कापली याची तक्रार नाही, जागा कुणाकडेच नसते. पण कापून जे सात शब्द उरवले, त्यांतल्या तिघांशी माझे भांडण आहे : ‘इटालियन’, ‘कारागीर’ आणि ‘आणले’. यांतला पहिला अर्धवट आहे, दुसरा अपमान करतो आणि तिसरा धडधडीत खोटा आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या माणसावरून एवढी हमरीतुमरी कशाला, असे कुणी विचारील. त्याने थोडे पुढे वाचावे. हे भांडण सेव्हिलचे आहे तितकेच मुंबईचेही आहे.

वाचकाने निकुलोसोचे नाव पूर्वी ऐकले नसेल तर त्यात वाचकाचा दोष नाही. लिओनार्दो आणि राफाएल ज्या काळात इटलीत काम करत होते त्याच काळात हा गृहस्थ स्पेनच्या दक्षिणेला सेव्हिल शहरी येऊन राहिला, ग्वादलकिविर नदीपलीकडच्या त्रियाना या कुंभारवस्तीत त्याने बस्तान बसवले, आणि १५२९ साली मरेपर्यंत त्याचे नाव त्या वस्तीशी जोडलेले राहिले. वझारीने कलावंतांची चरित्रे लिहिली, त्यांत त्याला प्रकरण नाही. त्याचे चरित्र भिंतींवर आहे, आणि ते त्याने स्वतः सही करून ठेवले आहे.

त्रियानाच्या सांता आना चर्चमध्ये १५०३ सालची एक समाधी आहे, इन्यिगो लोपेझ नावाच्या माणसाची. दगडात कोरलेला मृतदेह आपण युरोपच्या चर्चांत पुष्कळ पाहतो. इथे तो कोरलेला नाही, रंगवलेला आहे. भाजलेल्या फरश्या एकमेकींना जोडून त्यांच्यावर झोपलेला माणूस, आणि भोवती फुलापानांची, चित्रविचित्र प्राण्यांची किनार. या समाधीबद्दल त्रियानात एक समजूत रूढ झाली : लग्न जमत नसलेल्या मुलीने त्या चेहऱ्याला लाथा मारल्या की नवरा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या लाथा बसून बिचाऱ्याच्या तोंडाची दशा झाली. मला ही समजूत आवडते. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या कुठल्या चित्राशी लोकांनी इतकी सलगी केली आहे? आणि याच समाधीवर लॅटिन-स्पॅनिशच्या खिचडीत सही आहे : ‘निकुलोसो फ्रान्सिस्को इटालियानो मे फेचित’. ‘निकुलोसो फ्रान्सिस्को इटालियानो याने मला केले.’ बोलते आहे ती वस्तू. पण स्वतःचे नाव वस्तूच्या तोंडी घालणारा माणूस नाव लपवणारा नव्हे, एवढे तरी मान्य व्हावे.

पुढच्याच वर्षी, १५०४ मध्ये, सेव्हिलच्या अल्काझार राजवाड्यात राणी इसाबेलच्या खासगी देवघरासाठी त्याने वेदी केली. मधोमध मेरी आणि एलिझाबेथ यांची भेट. दोघी गर्भवती स्त्रिया एकमेकींना सामोऱ्या येतात तो प्रसंग. खाली वेदीच्या दर्शनी अंगावर देवदूताचा मेरीला निरोप. चौकटीवरून वेलीसारखा चढत गेलेला जेस्सीचा वंशवृक्ष, फांदीफांदीवर पूर्वज. राजा-राणीच्या नावांची आद्याक्षरे, त्यांचे जू आणि बाण. हे सगळे फरशीवर, आणि तेही चार बोटांच्या घरगुती पूजेच्या जागेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात राणी वारली. वेदी अजून जागेवर आहे.

आता ‘आणले’ हा शब्द घेऊ.

पांढरी, अपारदर्शक झिलई ही या सगळ्या विद्येची आई. शिशाच्या काचेसारख्या झिलईत कथलाची राख मिसळली की ती दुधासारखी पांढरी होते, खालच्या मातीचा तांबूसपणा झाकते, आणि कुंचल्याला कोरा कागद मिळतो. ही युक्ती नवव्या शतकात इराकात, बसऱ्याच्या बाजूला निघाली. चीनहून येणाऱ्या शुभ्र भांड्यांशी बरोबरी करायची होती. तिथून ती इस्लामी जगातून पश्चिमेकडे सरकत स्पेनच्या अंदालुसियात आली. मालागाच्या आणि नंतर व्हॅलेन्सियाजवळच्या मानिसेसच्या कुंभारांनी तिच्यावर सोनेरी चकाकी चढवली, आणि ती भांडी जहाजांनी इटलीत गेली. इटालियन श्रीमंतांनी ती ताटे आपल्या कुलचिन्हांसह मुद्दाम बनवून घेतली. ‘मायोलिका’ हे इटालियन नावदेखील बहुधा वाटेतल्या मायोर्का बेटावरून पडलेले. मग फाएन्झा, देरूता इथल्या भट्ट्यांनी ती विद्या आपली केली, तीवर माणसांच्या आकृती आणि गोष्टी रंगवायला सुरुवात केली.

म्हणजे निकुलोसो जे घेऊन सेव्हिलला उतरला, ते त्या भूमीतूनच गेलेले होते. सासरी गेलेली लेक नातवंडांना घेऊन माहेरी आली, आणि गावाने म्हणावे की परदेशची पाहुणी आली!

नवे काहीच नव्हते असे मी म्हणत नाही. त्रियानात तेव्हा फरश्यांच्या दोन रीती होत्या. एकीत रंगांच्या मधून तेलकट काळी रेघ ओढायची, म्हणजे भट्टीत वितळताना रंग एकमेकांत जात नाहीत. दुसरीत ओल्या मातीवर साचा दाबून बारीक बांध उठवायचे आणि शेतातल्या वाफ्यांसारख्या त्या खळग्यांत रंग भरायचे. दोन्ही रीतींत नक्षी उत्तम होते. चेहरा, हात, वस्त्राची चुणी होत नाही. निकुलोसोने बांधही काढले आणि रेघही काढली. सपाट पांढऱ्या फरशीवर त्याने सरळ कुंचल्याने चित्र काढले. कच्ची झिलई ही पिठासारखी असते, कुंचला टेकला की रंग शोषून घेते. चूक पुसता येत नाही. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, लोखंडाचा नारिंगी. हाताशी एवढेच, आणि रंगवताना जे दिसते ते भट्टीतून निघताना दिसत नाही. शिवाय एक आकृती आठ-दहा फरश्यांवर तुटते आणि प्रत्येक फरशी भट्टीत आपापल्या परीने आकसते. मेरीच्या खांद्याची रेघ एका फरशीवरून दुसरीवर गेली पाहिजे आणि ती गेलेली दिसता कामा नये. हे त्याचे कर्तृत्व, आणि ते मोठे आहे.

पण माती त्रियानाची होती. आवे त्रियानाचे होते. माती मळणारे, फरश्या पाडणारे, आग राखणारे हात त्रियानाचे होते, आणि त्या हातांत अरबी काळापासूनची विद्या होती. १५०२ साली कास्टीलच्या राज्यातल्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, एवढाच पर्याय ठेवण्यात आला. निकुलोसोची पहिली सही त्याच्या पुढच्या वर्षीची आहे. ज्यांची ही विद्या, त्यांचा धर्म नुकताच पुसला गेलेला. आणि आपण पाचशे वर्षांनी त्यांची विद्याही पुसून ‘इटालियनाने आणले’ असे लिहितो. एका क्रियापदात किती माणसे मावतात!

हे मी अंदाजाने बोलत नाही. सांता पाउला या मठाचे १५०४ चे प्रवेशद्वार पाहावे. दोन छटांच्या विटांची आलटून पालटून रचना, ही मुस्लिम गवंड्यांची रीत. कमान टोकदार, म्हणजे गॉथिक. कमानीवर मातीत उठवलेली गोल पदके, फ्लॉरेन्सच्या देल्ला रोब्बिया घराण्याच्या धर्तीची. त्या उठावाच्या कामात सेव्हिलचाच शिल्पकार पेद्रो मिल्यान. आणि या सर्वांच्या मधल्या मोकळ्या जागांत निकुलोसोची चित्रफरशी : रोमच्या जमिनीखाली नेरोचा वाडा सापडल्यापासून इटलीत ज्यांचे वेड पसरले होते त्या विचित्र आकृत्या, मुखवटे, ढाली, वेली. एका दारात चार परंपरा, आणि कुणी कुणाला ढकलत नाही. या दारासमोर उभे राहून ‘तंत्र आणले’ म्हणणाऱ्याने दार पाहिलेले नाही.

आणि जे ‘आणले’ ते टिकले का? नाही, हीच तर गंमत. १५२९ नंतर सेव्हिलमध्ये चित्रफरशीची रीत जवळजवळ मावळली. १५३० च्या दशकात ‘पिलाताचा वाडा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सरदारवाड्याच्या भिंती मढवायच्या होत्या, तेव्हा ते काम दिएगो आणि हुआन पोलिदो या बंधूंकडे गेले आणि त्यांनी मैलभर पसरतील इतक्या फरश्या लावल्या, साच्याच्या. साचा स्वस्त, साचा जलद, साच्याला चित्रकार लागत नाही; गिऱ्हाईक खूश. चित्रफरशी सेव्हिलला परत आली ती १५६१ मध्ये, अँटवर्पच्या वाटेने. कास्तेल दुरान्ते या इटालियन गावचा ग्विदो शतकाच्या आरंभी अँटवर्पला जाऊन गुइदो आंद्रिस झाला होता. त्याचा मुलगा फ्रान्स सेव्हिलला आला आणि त्याने त्रियानाच्या रोके एर्नांदेझला ही रीत शिकवण्याचा करार केला. त्याच घराण्यातला यास्पर १५६७ मध्ये इंग्लंडला नॉरिच गावी गेला. विद्या अशी चालते. इराक, अंदालुसिया, इटली, फ्लँडर्स, पुन्हा अंदालुसिया. ‘याने तिथे आणले’ हे वाक्य टपालखात्यात शोभेल, कलेच्या इतिहासात नव्हे.

गोव्यातल्या वाचकांना ‘अझुलेजो’ हा शब्द नवा नाही. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची जी निळी फरशीचित्रे आहेत, जॉर्ज कोलासोची, १९३५ सालची, ती पाहून पुष्कळांना वाटते की ‘अझुल’ म्हणजे निळा, त्यावरून अझुलेजो. शब्द अरबी आहे, घासून गुळगुळीत केलेल्या खड्याचा. शब्दानेसुद्धा आपली जात सांगितलेली आहे. ऐकायचे नाही असे आपण ठरवले आहे.

‘इटालियन’बद्दल थोडक्यात. तो स्वतःच ‘इटालियानो’ लिहितो, मग तुमची हरकत काय, असे विचारता येईल. हरकत एवढीच, की तेव्हा इटली नावाचे राज्य नव्हते. त्याचे पिसा शहर १४९४ पासून १५०९ पर्यंत फ्लॉरेन्सशी लढत होते. पिसात राहून कुणी स्वतःला इटालियन म्हणवत बसला नसता. इटालियन तो सेव्हिलला झाला. या अंकाच्या बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांना हे उकलून सांगायला नको. वाईचा माणूस काशीला गेला की ‘दक्षिणी’ होतो, आणि त्याचे नातू पुण्याला आले की ‘बनारसवाले’. निकुलोसो कुठे ‘इटालियानो’ म्हणून सही करतो, कुठे ‘पिसानो’ म्हणून. परगावी राहणाऱ्याची ही दुहेरी ओळख हाच त्याच्या कामाचा मसाला आहे, आणि नोंदीने नेमका तोच चाळून टाकला.

राहिला ‘कारागीर’. शब्द मुळात वाईट नाही, काम करणारा एवढाच त्याचा अर्थ. वाईट आहे तो वापर. जोत्तोने ओल्या गिलाव्यावर रंगवले, पण त्याला कुणी ‘गिलाव्यावरचा कारागीर’ म्हणत नाही; तो चित्रकार. निकुलोसोने कच्च्या झिलईवर रंगवले, तो कारागीर. फरक कशात आहे? विषयात नाही, दोघांचे विषय बायबलातले. गिऱ्हाइकात नाही, निकुलोसोचे गिऱ्हाईक तर प्रत्यक्ष राणी. फरक नंतरच्यांनी पाडला. फ्लॉरेन्सचे चित्रकार एके काळी वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात मोडत; १५६३ मध्ये वझारीच्या पुढाकाराने त्यांची वेगळी अकादमी झाली, आणि चित्र, शिल्प, वास्तू या तीन कला बाकीच्या हस्तव्यवसायांच्या पंगतीतून उठून वरच्या पाटावर बसल्या. अठराव्या शतकात फ्रेंच पंडितांनी त्याला ‘ललित कला’ असे नाव दिले. निकुलोसो तोवर दोन शतके मेलेला होता. ज्या पंगतीत तो जेवला, तिथे पाटच नव्हते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे, तो मी टाळणार नाही. निकुलोसोच्या आकृती बऱ्याचदा छापील चित्रांवरून उचललेल्या आहेत. अल्काझारच्या वेदीलाही असा आधार आहे. त्याचे चेहरे काही ठिकाणी लाकडी आहेत, हात आखूड आहेत. कबूल. तो लिओनार्दो नव्हता, आणि मी त्याला तिथे बसवायला निघालेलोही नाही. पण छापील चित्रांवरून आकृती घेणे ही त्या काळच्या निम्म्या युरोपातल्या चित्रकारांची रोजची रीत होती. कॅनव्हासवर केले तर ‘प्रभाव’ आणि फरशीवर केले तर ‘नक्कल’, हा कुठला न्याय? शिवाय त्याचे बळ शोधायचे ते मधल्या आकृतीत नव्हे, कडेला. किनारीवरचे त्याचे अर्धे पक्षी अर्धी पाने असलेले प्राणी पाहताना तो कुणाचे काही उचलतो आहे असे वाटत नाही. तिथे त्याचा हात मोकळा सुटलेला आहे. आपल्याकडे कडेला ‘फक्त नक्षी’ म्हणतात. पैठणीचा पदर डोळ्यांआड करून नुसत्या अंगाची किंमत करणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही, पण कलासमीक्षक असे पुष्कळ पाहिले.

ज्याला वाटते की फरशी म्हणजे भिंतीची शोभा, त्याने तेन्तुदियाला जावे. सेव्हिलपासून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला, एस्त्रेमादुरातल्या एका उंच डोंगरावर सांतियागो पंथाच्या शूरवीरांचा मठ आहे. तेराव्या शतकात पंथाचा मुख्य पेलायो पेरेस कोरेआ लढता लढता दिवस मावळू लागला, तेव्हा त्याने मेरीला हाक मारली, दिवस थांबव. आणि सूर्य थांबला, अशी त्या जागेची कथा, आणि नावही त्या हाकेवरूनच. तिथे १५१८ मध्ये निकुलोसोने मुख्य वेदी केली, सहाशेहून जास्त फरश्यांची. मेरीच्या जीवनातले प्रसंग आणि त्यांच्याबरोबर कोरेआची ती गोष्ट. लाकडी सोनेरी वेदीची जी भव्य चौकट असते, खांब, कोनाडे, पदके, तीही सगळी रंगवलेली, सपाट. डोंगरावरच्या थंडीवाऱ्यात लाकूड किडते, सोने उडते. झिलईचा निळा पाचशे वर्षांनी तसाच आहे. इथे भिंतीला शोभा आणण्यासाठी फरशी नाही. इथे फरशी हेच देऊळ आहे, आणि भिंत तिला टेकू आहे.

आता मुंबई. जॉर्ज बर्डवुड हे नाव आपल्या विस्मृतीत गेले आहे, जायला नको होते. हा साहेब १८३२ साली बेळगावला जन्मला, मुंबईत डॉक्टरकी केली, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने चालणाऱ्या संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा. १८८० मध्ये त्याने हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात गावच्या कुंभाराचे, विणकराचे, तांबटाचे असे रसाळ वर्णन केले की वाचणाऱ्याला साहेबाबद्दल माया वाटावी. तोच बर्डवुड १९१० मध्ये लंडनच्या सभेत उठून म्हणतो की हिंदुस्थानात ललित कला नाहीच, आणि जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना तो उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी करतो. लोकांना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. कुंभाराचे कौतुक आणि बुद्धाची टवाळी ही एकाच शिडीची दोन टोके आहेत. तुम्ही नक्षी छान करता, हे म्हणणेच मुळी, तुम्ही नक्षीच करा, असे सांगणे आहे.

यावर आपण काय केले? लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये तेरा जणांच्या सह्यांचे निषेधपत्र आले, इंडिया सोसायटी निघाली, आणि पुढची पन्नास वर्षे आपल्या विद्वानांनी एकच गोष्ट सिद्ध केली : आमच्याकडेही ललित कला आहे. बुद्ध वर चढला, नटराज वर चढला, अजिंठा वर चढला. शिडी तशीच राहिली. कुंभार तळालाच राहिला, फक्त आता त्याला खाली ठेवणारे आपण होतो. आनंद कुमारस्वामी हा एक माणूस सुरुवातीपासून ओरडून सांगत होता की ही फाळणीच चुकीची आहे, १९०९ मध्ये त्याने हिंदी कारागिरावर पुस्तकच लिहिले. आपण त्याचा नटराज घेतला आणि ते पुस्तक कपाटात ठेवले.

याच शिडीचा मुंबईतला नमुना जे. जे. कलाशाळा. सर जमशेटजींच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती सुरू झाली, आणि दशकभरात तिथे तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या : शोभेचे चित्रण ग्रिफिथ्सकडे, उठावकाम आणि वास्तुशिल्प लॉकवुड किपलिंगकडे, लोखंडाचे नक्षीकाम हिगिन्सकडे. बोरीबंदरच्या स्थानकावर जे मोर, माकडे, पाने, मुखवटे दगडात उतरले, ते याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात. क्रॉफर्ड मार्केटच्या शिल्पपट्टीखाली उभे राहून वाटाडे किपलिंगचे नाव सांगतात. बोरीबंदरच्या माकडांचे नाव कोण सांगतो? स्थानकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याच्या नावाचे दोनदा बारसे झाले, पण छिन्नी धरणाऱ्यांची नावे शाळेच्या मुलांना पाठ करून घ्यावीत असे कुणाला सुचले नाही. आणि का सुचावे? ते ‘कारागीर’. निकुलोसोने निदान सही तरी केली होती, आणि सही करूनही त्याच्या वाट्याला हा शब्द आला. सही न केलेल्यांची गत काय वर्णावी.

खरे तर मराठी माणसाला हा पाट-पंगतीचा भेद इतका सहज पचायला नको होता. आपल्या संतमेळ्यात मडके पक्के की कच्चे हे थापटणे हाती घेऊन ठरवण्याचा अधिकार गोरोबा कुंभाराकडे होता, आणि नामदेवासारखा नामदेव त्या परीक्षेत कच्चा ठरला. तिथे कुंभार परीक्षक आहे. विश्वकोश लिहायला बसलो की मात्र आपण तेच थापटणे बर्डवुडच्या हाती देतो.

मला कुणी म्हणेल, मग काय करावे, सगळ्यांना कलावंत म्हणावे का? शब्द बदलून काही होत नाही. मला हवे आहे ते अगदी रुक्ष काम. माती कुठली, भट्टी कुणाची, झिलई कोणती, पैसे कुणी दिले, सोबत कोण होते, काम कसे मोडते आणि कसे टिकते, एवढे प्रश्न चित्राला विचारतो तितक्याच आदराने फरशीला विचारावेत. हे काम सेव्हिलला जाऊनच करायला हवे असेही नाही. निकुलोसोच्या तीस वर्षे आधी, १४७२ मध्ये, बिदरला महमूद गवानाने मदरसा बांधला आणि त्याची दर्शनी बाजू इराणी धर्तीच्या झिलईदार फरश्यांनी मढवली. तिथेही परदेशाहून आलेली विद्या आणि इथली माती. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर आणि पूर्वेच्या भिंतीवर निळे, पिवळे, हिरवे तुकडे अजून आहेत. सोलापूरहून निघालेल्या माणसाला ते दुपारच्या आत पाहता येतात. त्यांच्याबद्दल आपल्या त्याच संदर्भग्रंथात एक ओळ आहे : ‘इमारतीला रंगीत फरश्यांची शोभिवंत सजावट आहे.’